ठिपक्यांचा कुत्रा व त्याचें बहिरेपण

डाल्मेशियन जातीच्या कुत्र्याचें पिलूं जन्माला येतें तेव्हां त्याच्या अंगावर बहुधा एकहि ठिपका नसतो. पिंजलेल्या कापसासारखें पांढरें अंग, मिटलेले डोळे आणि बंद कान घेऊन तें जगांत येतें. दहाबारा दिवस उलटले म्हणजे डोळे उघडतात, पंधरवड्याच्या सुमारास कान उघडतात, आणि त्याच दिवसांत पांढऱ्या अंगावर फिकट ठिपके दिसूं लागतात. पुढें ते गडद व वाटोळे होत जातात, आणि ज्या वेषामुळें ही जात जगभर ओळखली जाते तो वेष पुरा होतो. याच तीनचार आठवड्यांत कांहीं पिलांच्या बाबतींत दुसरीहि एक घटना गुपचुप घडते. नुकताच उघडलेला कान आंतून कायमचा मिटतो. पिलूं कण्हत नाहीं, त्याच्या खेळण्याबागडण्यांत फरक पडत नाहीं, आणि एकच कान मिटला असेल तर धन्याला त्याचा जन्मभर पत्ताहि लागत नाहीं. पांढऱ्या अंगाचा आणि मिटलेल्या कानाचा संबंध काय, हें उलगडावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. उलगडल्यावर त्याबद्दल काय करावें, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाहीं.

जातीचें नांव एड्रिआटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील डाल्मेशिया प्रांतावरून पडलें. हा किनारा आज क्रोएशिया देशांत मोडतो, आणि आंतरराष्ट्रीय श्वानसंघहि या जातीचें मूळ स्थान क्रोएशियाच मानतो. मूळ कोठलेंहि असो, तिला नांवलौकिक मिळाला तो इंग्लंडांत. टॉमस ब्युइक या प्रसिद्ध कोरीव-चित्रकारानें १७९० सालीं चतुष्पाद प्राण्यांवर जो ग्रंथ काढला, त्यांत हा कुत्रा 'डाल्मेशियन अथवा कोचगाडीचा कुत्रा' या नांवानें आला आहे. त्या नांवांतच त्याचा धंदा सांगितलेला आहे. श्रीमंतांच्या घोडागाडीबरोबर मैलोगणती धांवावयाचें, वाटेंत अंगावर येणाऱ्या भटक्या कुत्र्यांना घोड्यांपासून दूर ठेवावयाचें, आणि मुक्कामाच्या ठिकाणीं घोड्यांची व सामानाची राखण करावयाची, हें त्याचें काम. अटलांटिकपलीकडे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याजवळहि १७८० नंतरच्या दशकांत अशी एक कुत्री होती. तिचें नांव मॅडम मूस.

गाडीखालीं धांवण्याची ही आवड शिकवणुकीची कीं रक्तांतली, असा प्रश्न पुढें अमेरिकेंतील दोन संशोधकांना पडला. क्लाइड कीलर व हॅरी ट्रिंबल यांनीं १९४० सालीं या कुत्र्यांच्या धांवण्याच्या जागेवर एक निबंध प्रसिद्ध केला. कांहीं कुत्रे घोड्यांच्या टाचांशीं अगदीं लगटून, गाडीच्या पुढच्या आंसाखालीं धांवतात, तर कांहीं मागें रेंगाळतात, आणि ही खोड आईबापांकडून पिलांकडे जाते, असें त्यांनीं दाखविलें. घोड्यांच्या टाचांखालीं धांवणाऱ्या कुत्र्याला कानांची गरज किती असेल, हें वेगळें सांगावयास नको. कोचमनची हांक, चाबकाचा आवाज, समोरून येणाऱ्या गाडीचा खडखडाट, यांपैकीं कांहींच ज्याला ऐकूं येत नाहीं तें जनावर त्या जागीं फार दिवस जगलें नसतें. धंदा हीच जणूं या जातीची चाळणी होती. या चाळणींतून अगदीं ठार बहिरें जनावर सहसां सुटलें नसेल. मात्र एका कानानें बहिरें असलेलें जनावर तिच्या भोकांतून सहज निसटलें असेल, कारण ज्याचा एक कान शाबूत आहे त्याला हांक ऐकूं येते, ती कोणत्या दिशेनें आली एवढेंच काय तें नीट कळत नाहीं.

अमेरिकेंत आगीच्या बंबांना घोडे जुंपले जात, तेव्हां तेथेंहि या कुत्र्याला चाकरी मिळाली. बंबापुढें धांवून वाट मोकळी करणारा ठिपकेदार कुत्रा हें त्या काळच्या न्यूयॉर्कमधलें नित्याचें दृश्य होतें. पुढें मोटारी आल्या. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दळाचा घोड्यांचा शेवटचा बंब १९२२ सालीं धांवला, आणि कुत्र्याची नोकरी केवळ शोभेची उरली. इंग्लंडांत तर रेल्वेनें कोचगाड्यांचा व्यवसाय त्यापूर्वींच बुडविला होता. म्हणजे चाळणी गेली आणि तिच्या जागीं दुसरी आली. ती होती श्वानप्रदर्शनाची.

हीं प्रदर्शनें इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालीं. बर्मिंगहॅमच्या १८६० सालच्या प्रदर्शनांत डाल्मेशियन कुत्र्यांचा स्वतंत्र वर्ग होता. १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला. व्हेरो शॉ या लेखकानें १८८२ च्या सुमारास या जातीचें लक्षणपत्र लिहिलें, आणि १८९० सालीं इंग्लंडांत डाल्मेशियन क्लब निघाल्यावर तेंच अधिकृत मानण्यांत आलें. हें लक्षणपत्र मोठें बोलकें आहे. शंभर गुणांपैकीं ३० गुण रंगाला व ठिपक्यांना दिले होते. इतके गुण दुसऱ्या कोणत्याहि अवयवाला नव्हते. ठिपका वाटोळा असावा, त्याची कड रेखीव असावी, दोन ठिपके एकमेकांत मिसळूं नयेत, अशा अटी होत्या. कानांना ५ गुण होते, पण ते कानांची ठेवण, त्यांचा पातळपणा आणि त्यांवरील ठिपके पाहून द्यावयाचे. त्या कानांनीं कुत्र्याला ऐकूं येतें कीं नाहीं, हें पाहण्याची सोय गुणपत्रिकेंत नव्हती. परीक्षकांवर याचा ठपका ठेवणें मात्र योग्य होणार नाहीं. गोंगाटानें भरलेल्या मंडपांत दहा मिनिटें समोर उभ्या राहिलेल्या कुत्र्याचा कान त्यांनीं तपासावा तरी कसा?

या लक्षणपत्राचा एक परिणाम कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं. डाल्मेशियनच्या वीणींत मधूनमधून एखादें पिलूं असें जन्मतें कीं, त्याच्या कानावर किंवा डोळ्याभोंवतीं जन्मतःच एक मोठा, सलग, गडद डाग असतो. ठिपके मागाहून येतात, डाग मात्र आईच्या पोटांतूनच येतो, त्यामुळें ओळखण्यांत चूक होत नाहीं. प्रदर्शनाच्या दृष्टीनें असा डाग म्हणजे मोठा दोष. अमेरिकेच्या लक्षणपत्राप्रमाणें तर डागाचा कुत्रा स्पर्धेंतून बादच होतो. त्यामुळें डागाचीं पिलें पैदाशींतून वगळण्याचा शिरस्ता पडला. कोणी तीं पाळावयास देऊन टाकीत, कोणी जन्मल्याबरोबर नाहींशीं करीत. एकामागून एक पिढ्या असें चाललें. पुढील काळांत कान मोजण्याचें साधन हातीं आल्यावर असें आढळून आलें कीं, साऱ्या जातींत ज्यांचे कान सर्वांत भरवंशाचे, तीं हीच डागाचीं पिलें होत. जातीच्या अभिमानानें, अगदीं निष्ठेनें काम करणाऱ्या माणसांनीं जातींतले उत्तम कान वेंचून वेंचून बाहेर टाकले होते.

आतां पांढऱ्या रंगाचा व कानाचा संबंध काय, हें पाहिलें पाहिजे. या संबंधाची चाहूल शास्त्राला प्रथम लागली ती मांजरांवरून. चार्लस डार्विन यांनीं १८५९ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत, निळ्या डोळ्यांचीं मांजरें बहिरीं असतात असें नोंदविलें, आणि पुढच्या आवृत्त्यांत, सर्वांगानें पांढरीं व निळ्या डोळ्यांचीं असलेलीं मांजरें बहुधा बहिरीं असतात, अशी त्यांत दुरुस्ती केली. एक लक्षण बदललें कीं त्याबरोबर भलतेंच दुसरेंहि कसें बदलतें, याचें तें उदाहरण होतें. कारण मात्र त्यांनाहि ठाऊक नव्हतें. १८९६ सालीं बर्नहार्ड रावित्झ या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें निळ्या डोळ्यांच्या एका पांढऱ्या कुत्र्याच्या कानाचें व मेंदूचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४८ सालीं मोझेस ल्यूरी यांनीं जन्मतः बहिऱ्या असलेल्या कॉली व डाल्मेशियन कुत्र्यांच्या अंतःकर्णाची तपासणी केली, आणि १९६२ सालीं हडसन व रूबेन यांनीं डाल्मेशियनमधील आनुवंशिक बहिरेपणावर स्वतंत्र निबंध लिहिला. कानाच्या आंत काय नासतें, हें या निबंधांवरून कळलें. कां नासतें, हें कळावयास मात्र कानाकडून कातडीकडे जावें लागलें.

गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळ एक पेशीसमूह जन्म घेतो. त्यांतल्या कांहीं पेशी रंगपेशी बनतात, आणि गर्भ वाढत असतां कण्यापासून निघून सर्व अंगभर पसरतात. जेथें त्या पोहोंचतात तेथील केसांना रंग येतो, आणि पोहोंचत नाहींत तेथें केस पांढरे राहतात. याच पेशींपैकीं कांहीं डोळ्याच्या बुबुळांत जातात आणि कांहीं थेट अंतःकर्णांत. कानांत त्यांचें काय काम, याचें जुन्या शास्त्रज्ञांना कोडें होतें, कारण काळोख्या शंखाकृति नळींत रंगाची गरजच काय? त्याचें उत्तर मिळालें उंदरांवरील प्रयोगांतून. कॅरेन स्टील व त्यांच्या सहकारी यांनीं १९८९ सालीं असें दाखविलें कीं, या नळीच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांचा जो एक पट्टा असतो, तो नीट वाढावयास या पेशींचा सहवास लागतो. हा पट्टा म्हणजे कानाची विजेची बॅटरीच म्हणावयाची. नळींतील द्रवाचें क्षारमान तोच राखतो, आणि त्याच्याच बळावर ऐकण्याच्या सूक्ष्म केशपेशी काम करतात. रंगपेशी आल्या नाहींत तर पट्टा खंगतो, पट्टा खंगला कीं केशपेशी मरतात, आणि मेलेल्या केशपेशी सस्तन प्राण्यांत पुन्हां उगवत नाहींत. डाल्मेशियन पिलाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत ही उलथापालथ होते, आणि पांचव्या आठवड्याच्या सुमारास निकाल लागलेला असतो.

एवढें कळलें म्हणजे बाकीचा उलगडा आपोआप होतो. डाल्मेशियन हा मुळांत जवळजवळ पूर्ण पांढरा कुत्रा आहे. त्याच्या पांढऱ्या अंगावर ठिपके उमटविणारा आनुवंशिक घटक निराळा, आणि अंग पांढरें करणारा घटक निराळा. या दुसऱ्या घटकाचा मागहि २००७ सालीं बॉक्सर कुत्र्यांच्या अभ्यासांतून लागला. एमआयटीएफ नांवाच्या जनुकापाशीं तो आहे, आणि हें जनुक रंगपेशींच्या वाढीचें एक मुख्य सूत्रधार आहे. ज्या पिलाच्या डोक्यावर जन्मतःच डाग आहे त्याच्या डोक्यापर्यंत रंगपेशी भरपूर पोहोंचल्या, हें उघड दिसतें. अशाच कानांतहि पोहोंचल्या असण्याचा संभव अधिक. ज्याचे डोळे निळे आहेत त्याच्या बुबुळापर्यंत त्या पोहोंचल्या नाहींत, तेव्हां त्याच्या कानाबद्दल शंका घ्यावयास जागा आहे. माणसांतहि याच्याशीं जुळणारें उदाहरण आहे. पेट्रस वार्डेनबर्ख या डच नेत्रतज्ज्ञानें १९५१ सालीं कपाळावर पांढऱ्या केसांची बट, फिकट निळे डोळे आणि जन्मजात बहिरेपण अशीं लक्षणें असलेल्या घराण्यांचें वर्णन केलें, आणि त्याच विकाराच्या एका प्रकारांत पुढें हेंच जनुक बिघडलेलें सांपडलें. कुत्रा आणि माणूस यांचे कान किती जवळचे नातेवाईक आहेत, हें यावरून दिसतें.

परंतु कारण कळलें तरी प्रत्येक घरांतलें पिलूं बहिरें आहे कीं नाहीं, हें कसें कळावें? कुत्र्यांची पैदास करणारे लोक पिलांच्या मागें उभे राहून टाळी वाजवीत, ताट आपटीत, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवीत. ही परीक्षा फसवी. जमिनीचा कंप पायांना कळतो, हलत्या हाताचा वारा मिशांना लागतो, आणि भावंडांनीं मान वळविली कीं बहिरें पिलूंहि मान वळवितें. हुशार बहिरें पिलूं तर या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण व्हावयाचें. एका कानानें बहिरें असलेलें पिलूं या परीक्षेंत ओळखतांच येत नाहीं. तेंच पुढें उत्तम ठिपक्यांच्या जोरावर बक्षिसें मिळवी, आणि बक्षिसांच्या जोरावर दहा वीणींचा बाप होई.

ही अडचण दूर झाली ती माणसांसाठीं शोधलेल्या एका उपकरणानें. डॉन ज्यूएट व जॉन विलिस्टन यांनीं १९७१ सालीं असें वर्णन केलें कीं, कानांत बारीक टकटक असा आवाज केला असतां मेंदूच्या देठांत ज्या विजेच्या लहरी उमटतात, त्या डोक्याच्या कातडीवरूनच टिपतां येतात. हजारभर वेळां टकटक करावयाची आणि तितक्याच वेळां टिपलेल्या लहरींची सरासरी काढावयाची. मग इतर सारी गडबड वजा होऊन कानाकडून आलेली लहर तेवढी कागदावर उरते. कान शाबूत असला तर कागदावर ओळीनें शिखरें उमटतात, बहिरा असला तर सरळ रेघ. याला पिलाच्या सहकार्याची गरज नाहीं, तें झोपलें असलें तरी चालतें, आणि प्रत्येक कान वेगळा तपासतां येतो. १९८० नंतर ही तपासणी कुत्र्यांच्या दवाखान्यांत आली.

पहिले मोठे आंकडे १९९२ सालीं बाहेर पडले, आणि ते पाहून पैदास करणाऱ्यांच्या वर्तुळांत खळबळ उडाली. अमेरिकेंतील लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रेन यांनीं एक हजाराहून अधिक डाल्मेशियन तपासले होते. त्यांत शेंकडा ८ दोन्ही कानांनीं बहिरे निघाले. हा आंकडा अनुभवी लोकांना फारसा अनपेक्षित नव्हता. पण त्याशिवाय शेंकडा २२ कुत्रे एका कानानें बहिरे होते, आणि ते आजवर धडधाकट समजले जात होते. म्हणजे जवळजवळ दर तीन कुत्र्यांमागें एकाच्या कानांत दोष होता, आणि त्या दोषी कुत्र्यांपैकीं बहुतेक कोणाच्या डोळ्यांवर आलेच नव्हते. त्याच वर्षीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं ९०० डाल्मेशियन कुत्र्यांच्या तपासणीचा अहवाल दिला, त्यांतहि एका कानाच्या बहिरेपणाचें प्रमाण असेंच डोळ्यांत भरणारें होतें. ब्रिटनमध्यें जेम्स वुड व लखानी यांनीं १९९७ सालीं १,२३४ कुत्र्यांचे निकाल मांडले. तेथें शेंकडा १३ एका कानानें व शेंकडा ५ दोन्ही कानांनीं बहिरे होते. अमेरिकेपेक्षां प्रमाण कमी, तरी दर पांचांमागें जवळजवळ एक.

हे आंकडे हातीं आल्यावर आनुवंशिकतेचा प्रश्न नव्यानें उभा राहिला. हें बहिरेपण एका घटकाच्या साध्या हिशेबानें उतरत नाहीं. अंग पांढरें करणारा घटक तर साऱ्या जातींत आहे, मग सगळेच कुत्रे बहिरे कां नाहींत? तेव्हां त्या घटकाला जोर देणारे किंवा त्याचा जोर मोडणारे इतर अनेक लहानमोठे घटक असले पाहिजेत, आणि त्यांची यादी अद्याप कोणाला पुरी करतां आलेली नाहीं. म्हणून रक्ताच्या एका थेंबावरून निकाल देईल अशी तपासणी या बहिरेपणासाठीं नाहीं. दोन्ही मातापित्यांचे चारहि कान शाबूत असले तरी त्यांच्या वीणींत बहिरीं पिलें निघूं शकतात. तथापि त्यांपैकीं एकाचा एक कान जरी बहिरा असला, तरी बहिऱ्या पिलांचें प्रमाण ठळकपणें वाढतें. यावरून जबाबदारीनें पैदास करणाऱ्यांसाठीं पहिला नियम निघाला, तो असा कीं ज्याचे दोन्ही कान यंत्रानें तपासून चांगले ठरले त्यालाच पैदाशींत ठेवावें. सांगावयास हें सोपें आहे. पण ज्याच्याजवळ सुंदर ठिपक्यांची, नांवाजलेल्या घराण्याची, आणि एका कानानें बहिरी असलेली कुत्री आहे, त्यानें तिला पैदाशींतून काढणें म्हणजे अनेक वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडणें होय. कांहींनीं तें सोडलें, कांहींनीं कागदाची घडी घालून कपाटांत ठेवून दिली.

निळ्या डोळ्यांच्या बाबतींत ब्रिटनचें व अमेरिकेचें धोरण सारखें नाहीं. ब्रिटिश लक्षणपत्राला निळे डोळे मान्य नाहींत, अमेरिकन लक्षणपत्राला ते चालतात. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत बहिरेपण अधिक आढळतें हें सिद्ध झालें असल्यामुळें, दोन देशांच्या आंकड्यांतील तफावतीचा कांहीं वांटा या फरकाकडे जात असावा, असें मानावयास आधार आहे. ब्रिटिशांनीं ही अट घातली तेव्हां त्यांच्या डोळ्यांसमोर कान नसून सौंदर्य होतें. सौंदर्याच्या नियमांनीं डागाच्या बाबतींत कानांचें नुकसान केलें, तर डोळ्यांच्या बाबतींत भलें केलें, ही यांतली मौज आहे.

डागाच्या पिलांना पैदाशींत परत घ्यावें, अशी सूचना अर्थातच पुढें आली. ती वाटते तितकी सरळ नाहीं. डागाच्या कुत्र्यांचा भरणा वाढला तर ठिपक्यांचा वेष बिघडेल, आणि ज्याच्या अंगावर ठळक ठिपके नाहींत त्याला डाल्मेशियन म्हणावें तरी कां, असा प्रश्न जुन्या मंडळींनीं केला. त्यांच्या प्रश्नांत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तरी ज्या गुणपत्रिकेंत ठिपक्यांना ३० गुण आणि श्रवणाला शून्य, ती मुळांतच एकांगी होती, हेंहि तितकेंच खरें.

या जातीच्या दुसऱ्या एका दोषाची हकीकत येथें थोडक्यांत सांगितली तर तुलना करतां येईल. डाल्मेशियन कुत्र्याच्या मूत्रांतून यूरिक आम्ल फार मोठ्या प्रमाणांत जातें, आणि त्यामुळें त्याला मुतखड्याचा विकार जडतो. हा दोष एकाच घटकाचा, आणि तो शुद्ध डाल्मेशियन जातींत जवळजवळ सर्वत्र. गाडीखालीं धांवण्याचा अभ्यास करणाऱ्या ट्रिंबल व कीलर यांनींच त्याची आनुवंशिकता १९३८ सालीं तपासली होती. १९७३ सालीं रॉबर्ट शेबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानें पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशीं एकदांच संकर करून, नंतर पिढ्यान् पिढ्या डाल्मेशियनशींच जोड्या लावून, हा दोष नसलेले ठिपकेदार कुत्रे तयार केले. १९८१ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें त्यांतल्या दोघांची नोंद केली, पण रक्तशुद्धीच्या अभिमान्यांनीं ओरड केल्यावर पुढील नोंदी थांबविल्या. त्या पुन्हां सुरू व्हावयास २०११ साल उजाडलें. ज्या दोषाचा उपाय हातांत तयार होता त्याला तीस वर्षें दार बंद राहिलें. मग ज्याचा असा एकरकमी उपाय नाहीं, त्या बहिरेपणाची गति मंद असावी यांत नवल नाहीं.

मधल्या काळांत या जातीवर लोकप्रियतेचें संकट कोसळलें. डोडी स्मिथ या इंग्रज लेखिकेची एकशें एक डाल्मेशियन कुत्र्यांची बालकथा १९५६ सालीं निघाली, आणि १९६१ सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेनें तिच्यावर व्यंगपट काढला. हा पट पुन्हां पुन्हां दाखविला गेला, आणि त्याबरोबर मागणी चढत गेली. अमेरिकन केनेल क्लबकडे १९८५ सालीं सुमारें आठ हजार डाल्मेशियन नोंदले गेले होते, १९९३ सालीं ही संख्या बेचाळीस हजारांवर गेली. एवढीं पिलें पुरविणाऱ्यांत कान तपासणारे थोडे, आणि जाळीच्या खुराड्यांत वीणीवर वीण काढणारे फार. मुलांच्या हट्टाखातर घेतलेलें पिलूं हांक मारल्यावर येत नाहीं म्हणून मार खाई, आणि शेवटीं कोंडवाड्यांत जाई. तें आज्ञाभंग करीत नव्हतें, त्याला आज्ञा ऐकूंच येत नव्हती. ही लाट अर्थात टिकली नाहीं, दशक संपेपर्यंत नोंदी झपाट्यानें उतरल्या.

दोन्ही कानांनीं बहिऱ्या पिलांचें काय करावें, हा या साऱ्या प्रकरणांतला सर्वांत कठीण प्रश्न. अमेरिकेच्या डाल्मेशियन क्लबनें दीर्घकाळ असा सल्ला दिला कीं, अशा पिलाला वेदना न देतां मरण द्यावें. बहिरा कुत्रा मोटारीखालीं सांपडतो, झोपेंत कोणी स्पर्श केला तर दचकून चावतो, आणि त्याला घर मिळणें अवघड, असा युक्तिवाद होता, आणि तो करणारे लोक निर्दय नव्हते. कित्येकांनीं आपल्या हातांनीं वाढविलेलीं पिलें डोळे पुसत डॉक्टरकडे नेलेलीं आहेत. उलट पक्षानें असें दाखविलें कीं, हाताच्या खुणांनीं बहिरा कुत्रा सर्व कांहीं शिकतो, रात्रीं दिव्याच्या उघडझांपीनें बोलावल्यास येतो, आणि कुंपणाच्या आंत किंवा साखळीनें फिरविल्यास मोटारीचें भय उरत नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत धन्यांच्या उत्तरांवरून बहिरे व आंधळे कुत्रे इतरांपेक्षां अधिक आक्रमक आढळले नाहींत. ज्या घरीं वेळ आणि चिकाटी आहे तेथें बहिरा कुत्रा सुखानें जगतो, एवढें आतां निश्चित म्हणतां येतें. अशीं घरें किती, हा प्रश्न उरतो, आणि म्हणूनच अशीं पिलें मुळांत कमी जन्मतील हें पाहण्याची जबाबदारी जोडी जुळविणाऱ्यावर येते.

ती जबाबदारी पाळली तर फळ मिळतें, याचा पुरावा २०२० सालीं पुढें आला. न्यूमार्केट येथील ॲनिमल हेल्थ ट्रस्ट या संस्थेनें १९९२ पासून २०१५ पर्यंत तपासलेल्या ८,९५५ डाल्मेशियन पिलांचे निकाल टॉम ल्युइस व त्यांचे सहकारी यांनीं एकत्र मांडले. सर्व काळ मिळून शेंकडा १८ च्या आसपास पिलें एका किंवा दोन्ही कानांनीं बहिरीं होतीं, पण वर्षवार पाहतां प्रमाण उतरत गेलें होतें, आणि या तेवीस-चोवीस वर्षांत तें सुमारें एक तृतीयांशानें घटलें होतें. या दोषांत आनुवंशिकतेचा वांटा साधारण तीन दशांश निघाला. पैदास करणाऱ्यांनीं निवडून जोड्या लावल्या तर उतरण चालू राहील, इतका तो पुरेसा आहे. नवें औषध नाहीं, नवी शस्त्रक्रिया नाहीं. कांहीं हजार पिलांच्या कानांत टकटक करून उमटलेल्या कागदावरच्या रेघा, आणि त्या रेघा पाहून एखादी सुरेख कुत्री घरींच ठेवणारे कांहीं पैदासकार, एवढ्यावर हें घडलें.

ज्या संस्थेनें हीं पिलें तपासलीं तिचा कारभार पैशांच्या अभावीं त्याच वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, बंद पडला. यंत्रें इतर दवाखान्यांत आहेत आणि तपासणी तेथें चालते. पिलूं पांच आठवड्यांचें झालें म्हणजे त्याच्या डोक्याच्या कातडींत केसासारख्या बारीक सुया टोंचतात, एका कानांत आवाजाची नळी बसवितात, आणि कांहीं मिनिटांत कागद बाहेर येतो. मग पिलूं कुशीवर वळवून दुसरा कान.